वाढीव वेळ दिलात, आता विश्रांती द्या : मेंदूला मार लागलेल्या विद्यार्थ्यांबाबत खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
सचिव, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : बारा ते अठरा या वयात मेंदूला दुखापत झालेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा, प्रमाणपत्र आणि पहिली नोकरी

महोदय / महोदया,

दहावी-बारावीच्या परीक्षेत मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक देते, तासाला 20 मिनिटे वाढीव वेळ देते, काही प्रवर्गांना कॅल्क्युलेटरही वापरू देते. या सवलतींसाठी पालकांच्या एका पिढीने खेटे घातले आहेत आणि त्यांची किंमत आम्हांला ठाऊक आहे. पण न दिसणारे डोळे, न चालणारा हात आणि अक्षरांशी झगडणारे वाचन समोर ठेवून त्या आखल्या गेल्या. मेंदूला मार लागलेल्या मुलाचे दुखणे निराळे असते. त्याला दिसते, ऐकू येते, वाचता येते, लिहिताही येते. फक्त यातले काहीच तासाभराच्या वर टिकत नाही. अशा मुलाला तीन तासांच्या पेपरला एक तास वाढवून दिला की त्याची परीक्षा चार तासांची होते. ज्याची अडचणच दमणे ही आहे, त्याला आपण आणखी दमवतो.

आम्ही अशा मुलांच्या पुनर्वसनात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक आहोत. ही मुले शाळेत परत येतात तेव्हा फार थोडी लगेच गळतात. ती गळतात दोन-तीन वर्षांनी, अकरावीत किंवा पहिल्या नोकरीत. तोवर अपघात विसरलेला असतो आणि नापास होण्याचा त्याच्याशी संबंध कोणी जोडत नाही. दवाखान्यातून शाळेत, शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून कामावर अशा तीन उंबरठ्यांवर माहिती हरवते. या तिन्ही ठिकाणी काय करता येईल ते या पत्रात मांडत आहोत.

आधी वैद्यकीय भाग, जेवढा कारभाराला लागतो तेवढाच. कवटीचा आतला तळ कपाळामागे आणि कानशिलांपाशी खडबडीत असतो. त्यामुळे मार डोक्याला कुठेही लागो, मेंदूच्या फ्रंटल आणि टेम्पोरल भागांना इजा होण्याची शक्यता जास्त. शिवाय डोके गर्रकन फिरल्याने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. विचार मग होतो, पण सावकाश होतो. सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि कवटीचे फ्रॅक्चर दिसते. ताणलेले तंतू दिसत नाहीत. म्हणून ‘सिटी स्कॅन नॉर्मल आला’ याचा अर्थ तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही एवढाच घ्यायचा. मुलगा गणितात पूर्वीसारखा चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

‘सौम्य’ या शब्दाचेही तसेच. ग्लासगो कोमा स्केलवर 15 पैकी 13 ते 15 गुण म्हणजे सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. हे गुण पहिल्या काही तासांतली शुद्ध मोजतात. डोक्याच्या दुखापतींपैकी बहुतांश सौम्य असतात आणि त्यातली बहुतेक मुले महिनाभरात ठीक होतात, हेही स्पष्ट सांगायला हवे, उगाच कुणाला घाबरवायचे नाही. हे पत्र आहे महिन्यानंतरही डोकेदुखी, विसर आणि थकवा सुटत नाही अशा मुलांबद्दल, आणि मध्यम-गंभीर दुखापतीतून वाचलेल्यांबद्दल.

या वयात एक जादा अडचण आहे. नियोजन, संयम, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तेराव्या वर्षी त्याला इजा झाली तर तेराव्या वर्षी फारसे बिघडलेले दिसत नाही, कारण त्या वयात नियोजन आईच करत असते. उणीव उघडी पडते ती सोळा-सतराव्या वर्षी, जेव्हा बरोबरीची मुले आपला अभ्यास आपण आखू लागतात.

दुसरी गोष्ट शिक्षकांनाही चकवते. दुखापतीआधी शिकलेले बरेचसे शाबूत राहते. नवे शिकणे अवघड होते. नववीच्या शेवटी अपघात झालेला हुशार मुलगा जुन्या पुंजीवर दहावीत 70 टक्के आणू शकतो. सगळे सुटकेचा श्वास सोडतात, मुलगा विज्ञान शाखा घेतो आणि अकरावीच्या दिवाळीपर्यंत कोसळतो, कारण तिथे सगळेच नवे, वेगाने आणि व्याख्यानातून येते. दहावीचे गुण हा अशा मुलाच्या बाबतीत क्षमतेचा पुरावा नाही. शाखा निवडताना गेल्या सहा महिन्यांत नव्याने शिकवलेला एखादा धडा घ्यावा आणि त्यातले आठवडाभराने किती उरले ते तपासावे. त्याचा निकाल जास्त खरा असतो.

‘घरची परिस्थितीच तशी असेल’ हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. स्वीडनमध्ये 1973 ते 1985 या काळात जन्मलेल्या सुमारे 11 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचविशीच्या आत मेंदूला दुखापत झालेल्यांची तुलना त्यांच्याच दुखापत न झालेल्या सख्ख्या भावंडांशी केली होती. म्हणजे घर तेच, आईवडील तेच. तरीही कमी शिक्षण, अपंगत्व निवृत्तिवेतन आणि सरकारी मदतीवर जगण्याचे प्रमाण दुखापत झालेल्यांत जास्त निघाले. दुखापत जितकी गंभीर, जितक्या वेळा आणि जितक्या मोठ्या वयात, तितका फरक मोठा. ‘लहान वय आहे, भरून निघेल’ हा आपल्याकडचा समज पौगंडावस्थेला तरी लागू पडत नाही.

आपल्याकडे अशी नोंदच होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 4,61,312 अपघात, 1,68,491 मृत्यू आणि 4,43,366 जखमी आहेत. जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला इजा झाली, त्यात शाळकरी किती, हा रकाना नाही. शाळा-विद्यार्थ्यांची माहिती भरतात त्या यू-डायस प्रणालीवर दिव्यांगत्वाचे प्रकार आहेत, त्यातही मेंदूची दुखापत नाही.

आता परीक्षेकडे येऊ.

दहावीच्या मराठीचा पेपर घ्या. 80 गुण, तीन तास, सुरुवात अकराला. पहिल्या पाऊण तासात गद्य विभाग नीट होतो, अक्षर सरळ, मुद्दे जागेवर. पावणेबारा-बाराच्या सुमारास ओळी उतरू लागतात. शब्द गळतात. ‘कोणतेही दोन सोडवा’ असे असताना तिन्ही सोडवले जातात, किंवा एकच. सूचना वाचलेली असते, पण उत्तर लिहिताना ती डोक्यात धरून ठेवता येत नाही. साडेबारानंतर डोके ठणकू लागते, मुलगा ते बाकावर टेकवतो आणि पर्यवेक्षकांना वाटते, पेपर अवघड गेला असेल. 24 गुणांचे उपयोजित लेखन सगळ्यांत शेवटी. नियोजन सर्वांत जास्त तिथेच लागते आणि तिथे पोचेपर्यंत टाकी रिकामी झालेली असते. अशी उत्तरपत्रिका उघडली तर पहिली चार पाने आणि शेवटची चार पाने दोन वेगळ्या मुलांनी लिहिल्यासारखी वाटतात.

यावर उपाय घड्याळ थांबवून विश्रांती हा आहे. दर 45 मिनिटांनी 10 मिनिटे. त्या वेळात प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांकडे, मुलगा त्याच खोलीत किंवा व्हरांड्यात पर्यवेक्षकांच्या नजरेसमोर, पाणी प्यायचे, डोळे मिटून बसायचे, बोलायचे नाही. तीन तासांच्या पेपरात अशा तीन विश्रांती, म्हणजे एकूण साडेतीन तास. आजच्या वाढीव वेळेच्या हिशेबाने हाच पेपर चार तासांचा होतो. म्हणजे आम्ही मंडळाकडे अर्धा तास कमीच मागत आहोत. ज्याचा लिहिण्याचा वेगही मंदावला आहे त्याला दोन्ही लागतील. ते डॉक्टरांच्या किंवा मानसशास्त्रज्ञांच्या शिफारशीवर ठरवावे. खोली वेगळी, रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, खडखडणारा पंखा आणि लुकलुकणारी ट्यूब नसलेली असावी. प्रकाशाचा त्रास असणाऱ्याला टोपी किंवा रंगीत चष्मा घालू द्यावा.

लेखनिकाबद्दल सावध राहायला हवे. लेखनिकाला सांगायचे म्हणजे पूर्ण वाक्य आधी डोक्यात जुळवायचे, तो लिहीत असताना ते धरून ठेवायचे आणि पुढचे तयार करायचे. चालू कामापुरते डोक्यात धरून ठेवण्याची ज्याची स्मरणशक्ती दुखावली आहे त्याला हे स्वतः लिहिण्यापेक्षा जड जाते. हात लुळा असेल तर इलाज नाही, पण मग सहामाही आणि सराव परीक्षेत निदान चार-पाच पेपर लेखनिकासोबत देऊन पाहिले पाहिजेत. मार्चमध्ये पहिल्यांदाच लेखनिक शेजारी बसला की गुण घटतात, आणि ‘सवलत देऊनही काही उपयोग झाला नाही’ असा शेरा वर मिळतो.

दुसरी मागणी विषय वाटून देण्याची. मार्चमध्ये तीन विषय आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत उरलेले, गुणपत्रिकेवर मध्ये ‘अनुत्तीर्ण’ न उमटता. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था नोंदणीपासून पाच वर्षे आणि नऊ संधी देते. तिकडे किंवा 17 नंबरच्या फॉर्मकडे जायला आज आम्ही पालकांना सांगतो खरे, पण त्याची किंमत म्हणजे शाळा सुटणे, ओळखीचे शिक्षक आणि मित्र सुटणे. याच मुलांना रोजच्या दिनक्रमाची गरज सर्वांत जास्त असते. हीच सोय मंडळाने वर्गात बसवून दिली तर शाळा सोडायची वेळच येणार नाही.

हे सगळे अडते ते प्रमाणपत्रापाशी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. मेंदूची दुखापत त्यात स्वतःच्या नावाने नाही. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात ती 1990 पासून स्वतंत्र प्रवर्ग आहे. आपल्याकडे मूल जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे जाते तेव्हा काय होते पाहा. अस्थिव्यंग तपासणारे डॉक्टर हातपाय पाहतात. मुलगा चालत आलेला असतो, टक्केवारी नगण्य निघते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक काढला जातो; तो 90 च्या आसपास येतो, तोही रकाना बंद. अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. मुलगा उतारा घडाघडा वाचतो, कारण वाचायला तो पहिलीतच शिकलेला आहे. तीन दारे, तिन्ही बंद, आणि कागदावर ‘दिव्यांगत्व आढळले नाही’.

यातला बुद्ध्यांकाचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान हे उपघटक जुन्या शिकण्यावर चालतात, त्यामुळे ते चांगले येतात. चिन्हे जुळवून भरभर लिहिण्याचा कोडिंगसारखा उपघटक साफ पडतो. सरासरी काढली की दोन्ही टोके पुसली जातात. शिवाय चाचणीची खोली शांत, समोर एकच माणूस, तोच एकेक प्रश्न देणार, तोच ‘हं, आता पुढचे’ म्हणणार. मुलाला जे स्वतःहून जमत नाही, म्हणजे सुरुवात करणे, क्रम लावणे, वेळ सांभाळणे, ते सगळे तपासनीसच करून देतो. म्हणून अहवालात एकूण बुद्ध्यांकाऐवजी चार गोष्टी वेगळ्या लिहाव्यात : माहितीवर काम करण्याचा वेग, ऐकलेल्या यादीतले अर्ध्या तासाने काय उरते, एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातली अडखळ, आणि किती मिनिटांनंतर चुका वाढतात. शेवटची गोष्ट कोणत्याही छापील चाचणीत नाही. त्यासाठी तोच उपघटक सुरुवातीला आणि दीड तासाने पुन्हा द्यावा लागतो. अर्ध्या तासात तीन मुले उरकायची असली की ते होत नाही.

कायद्याच्या परिशिष्टात दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांची जी नोंद आहे, तिथे मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही नावे ‘जसे की’ म्हणून आलेली आहेत. दिव्यांग कल्याण विभागाने मेंदूच्या दुखापतीचे कायम परिणाम याच नोंदीखाली घ्यावेत असे स्पष्ट परिपत्रक काढावे आणि केंद्राकडे स्वतंत्र प्रवर्गाची शिफारस करावी. महाराष्ट्राने 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग विभाग काढला. एवढा पुढाकार त्याला शोभेल.

परीक्षेच्या सवलतीसाठी मात्र तेवढेही थांबायची गरज नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले की वाजवी सोयीचा हक्क 40 टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापुरता बांधलेला नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या ‘लिहिण्यात अडचण’ असणाऱ्यांसाठी. दमणे त्यातही नाही. मंडळाने एक पानी नमुना ठरवावा, न्यूरोसर्जन, न्यूरोलॉजिस्ट किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांपैकी एकाच्या सहीचा, एक वर्षाच्या मुदतीचा. त्यात असावे : दुखापतीची तारीख, दाखल करतानाचा ग्लासगो स्कोअर, किती दिवसांनंतर रोजच्या गोष्टी सलग आठवू लागल्या, फिट्सचे औषध चालू आहे का, विश्रांतीशिवाय किती मिनिटे काम होते, काय करू द्यायचे नाही, पुढची तपासणी कधी. हाच कागद शाळेला, कॉलेजला आणि पुढे मालकाला पुरतो. पालक आज शाळेत नेतात त्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतात, वर्गात काय करायचे याची एक ओळही नसते.

शाळेत काय करायचे, तेही सांगतो, कारण मुख्याध्यापकांचा प्रश्न तोच असतो. साध्या मारानंतर एक-दोन दिवस विश्रांती पुरे. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवण्याने फायदा नाही, उलट मूल खचते. मोठ्या दुखापतीनंतर मात्र परतणे टप्प्याने हवे : पहिला आठवडा दोन तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग सुट्टीनंतरची एक तासिका जोडून. डोकेदुखी किंवा चिडचिड ठळकपणे वाढली तर एक टप्पा मागे, दोन दिवसांनी पुन्हा पुढे. 75 टक्के हजेरीच्या हिशेबात हे अर्धे दिवस पूर्ण धरले जावेत असे लेखी हवे, नाहीतर हजेरीच्या भीतीने मुलाला पहिल्याच दिवशी सहा तास बसवले जाते. कबड्डी, फुटबॉल, दोरीवर चढणे डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. पहिली इजा भरायच्या आत दुसरा मार बसणे फार धोक्याचे. फिट्सचे औषध चालू असेल तर पोहणे आणि उंचावर चढणेही बंद. फिट आलीच तर कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय.

वर्गातली खरी अडचण म्हणजे लिहून देणे. इतिहासाचे सर उत्तर सांगतात. मुलगा पहिले वाक्य ऐकतो, लिहायला घेतो, ते संपेपर्यंत सर तिसऱ्या वाक्यावर असतात. दुसरे गेलेले असते. तो शेजारच्या वहीत डोकावतो, सर ओरडतात, तो चिडतो, आणि तासाच्या शेवटी वहीत तीन अर्धी वाक्ये आणि डायरीत ‘उद्धट उत्तरे देतो’ असा शेरा. नोट्सची झेरॉक्स आधी दिली तर यातले काहीच घडत नाही. गणितात दहाऐवजी विषम क्रमांकाची पाच उदाहरणे द्यावीत. रीत कळली का ते पाचातही दिसते. ‘वही पूर्ण’ या शिक्क्याचा आग्रह या मुलांपुरता सोडावा. सूचना एका वेळी एक, आणि फळ्यावर लिहून. राग आवरेनासा झाला की पाच मिनिटे बाहेर जाण्यासाठी एक ठरलेले कार्ड बाकावर ठेवायचे, विचारायची गरज नाही.

रागापेक्षा अवघड असते ते न सुरू होणे. पुस्तक उघडे, पेन हातात, आणि मुलगी अर्धा तास तशीच बसलेली. घरी ‘आळशी झालीय’, शाळेत ‘लक्षच नाही’. इच्छा असते, पण सुरुवात करून देणारी यंत्रणा दुखावलेली असते. पहिली ओळ तिच्यासोबत लिहिली की पुढच्या पाच ती लिहिते. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. स्थळ मोडेल म्हणून अपघाताची माहितीच लपवली जाते, शाळेपासूनसुद्धा, आणि मग सवलत मागायला कुणी येत नाही. गोपनीयतेची लेखी हमी या नमुन्यावरच छापलेली असावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्यांच्या तपासणीत दोन प्रश्न वाढवा : डोक्याला मार लागून कधी शुद्ध हरपली का, किंवा दाखल व्हावे लागले का? आणि त्यानंतर अभ्यासात किंवा स्वभावात फरक पडला का? होकार आला की गट साधन केंद्राच्या समावेशित शिक्षण तज्ज्ञाने त्या शाळेत जायचे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य 2007 पासून ब्रेनस्टेप्स नावाचा कार्यक्रम चालवते. त्यात शाळांना सल्ला देणारी पथके मुलासोबत शालेय शिक्षण संपेपर्यंत राहतात, केवळ परतल्यानंतरचा महिनाभर नाही. आपल्याकडे नवी पदे लागणार नाहीत. आहेत त्या तज्ज्ञांना दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रवासभत्ता लागेल.

दहावीनंतर दाखला पुढे जातो, माहिती जात नाही. अकरावीचे कॉलेज नवे, 120 जणांचा वर्ग, कुणाला काही ठाऊक नाही. वरचा एक पानी नमुना अकरावीच्या, आयटीआयच्या आणि पदविकेच्या प्रवेश अर्जाला जोडता यावा, आणि तो जोडल्याने प्रवेश नाकारता येणार नाही हे अर्जावरच लिहावे.

कौशल्य विभागाला सांगायचे ते असे. या मुलांना पहिली नोकरी मिळते. मामाच्या दुकानात, ओळखीच्या गॅरेजमध्ये, मॉलमध्ये. ती टिकत नाही, आणि न टिकण्याची कारणे ठरलेली आहेत : जेवणानंतर काम ढेपाळते, तोंडी सांगितलेल्या चार कामांपैकी दोनच होतात, गिऱ्हाईक आवाज चढवून बोलले की तोल जातो, फोन वाजत असताना मोजलेली रोकड चुकते, रात्रपाळीत झोप बिघडून फिट येते. मालक एक महिना सांभाळून घेतो. दुसऱ्या महिन्यात तो ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो. अशा तीन-चार नोकऱ्या गेल्या की मुलगा घरी बसतो.

बदलायला हवी ती सुरुवात. पहिले चार आठवडे रोज तीन तास, आठवड्यातून चार दिवस. पुढे दर पंधरवड्याला अर्धा तास वाढ. एकच वरिष्ठ, कारण दोघांनी दोन सूचना दिल्या की गोंधळ उडतो. कामाची यादी लेखी, खिशात मावेल अशी, झाले की खूण करायची. सगळ्यांत नवे काम सकाळी, सवयीचे दुपारी. आणि पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा कामाच्या जागी येऊन पाहणारा माणूस. परदेशांत त्याला जॉब कोच म्हणतात, आपल्याकडे आयटीआयचा निदेशक किंवा प्रशिक्षित समाजसेवक हे करू शकेल. शिकाऊ उमेदवारीत आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अर्धवेळ उमेदवारीची सोय करून विद्यावेतन त्या प्रमाणात द्यावे. पूर्ण वेळ नाहीतर काहीच नाही, या अटीपायी ही मुले सुरुवातीलाच बाद होतात.

आयटीआयचा ट्रेड, म्हणजे व्यवसाय-अभ्यासक्रम, निवडताना समुपदेशकाने स्पष्ट बोलावे. फिट्स येत असतील तर वाहन परवाना मिळत नाही. ग्रामीण भागात गाडी चालवणे हा पोटापाण्याचा मोठा मार्ग आहे आणि तो बंद होतो हे अठराव्या वर्षी आरटीओत कळण्यापेक्षा पंधराव्या वर्षी कळलेले बरे. लेथ, वेल्डिंग, खांबावरची वायरमनची कामेही त्याच कारणाने टाळावीत. सैन्य आणि पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाच्या कवटीवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर वैद्यकीय निकष त्याला आधीच वाचून दाखवा. संगणक चालवायला शिकवणारा ‘कोपा’ हा ट्रेड सुरक्षित वाटतो, पण पडद्याने डोके दुखणाऱ्याला तोही झेपत नाही. बेकरी, शिवणकाम, रोपवाटिका, गोदामातली वर्गवारी अशी ठरलेल्या क्रमाची आणि हाताची कामे पुष्कळांना जमतात. तरी ट्रेडच्या नावावर न जाता दोन आठवडे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

सरकारी नोकरीत कायद्याचे एक टोक सुटलेले आहे. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे उच्च शिक्षणातले 5 टक्के आरक्षण 40 टक्क्यांवरच्या कोणत्याही प्रकाराला मिळते. पण नोकरीतल्या 4 टक्क्यांसाठी कलम 34 मध्ये प्रवर्ग नावानिशी दिले आहेत आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार त्यात नाहीत. म्हणजे त्या नोंदीखाली प्रमाणपत्र मिळालेली मुलगी आरक्षणातून इंजिनिअर होऊ शकते, कनिष्ठ अभियंत्याच्या आरक्षित जागेवर मात्र अर्ज करू शकत नाही. हा बदल केंद्राने करायचा आहे, पण राज्याने तो मागायला हवा.

अपघात नुकसानभरपाईबद्दल दोन ओळी, कारण पुनर्वसनाचा पैसा बहुधा तिथूनच येतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, आणि शिकण्यातली उणीव सहा महिन्यांत दिसतच नाही. अपघातग्रस्तांसाठी 2025 पासून लागू झालेली कॅशलेस योजना दीड लाखांपर्यंत सात दिवस उपचार देते. सातव्या दिवशी हे मूल अनेकदा नुकते डोळे उघडत असते. निदान दाव्याच्या कागदांत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल आणि शाळेच्या आधीच्या व नंतरच्या गुणपत्रिका जोडाव्यात, असे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांनी पालकांना सांगावे. भरपाई ठरवताना अवयवाच्या टक्केवारीपेक्षा कमाईची क्षमता किती गेली हे पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच म्हटले आहे. पण ते दाखवणारा कागद समोर असावा लागतो.

दहावी-बारावीची आवेदनपत्रे दिवाळीच्या आगेमागे भरली जातात आणि सवलतींचे प्रस्ताव त्यांच्यासोबतच विभागीय मंडळांकडे जातात. घड्याळ थांबवून विश्रांती आणि एक पानी नमुना या दोन गोष्टींना कायद्यात बदल लागत नाही, मंडळाचे परिपत्रक पुरते. नऊही विभागांत एकदम करणे अवघड वाटत असेल तर यंदा एका विभागात करून पाहा. नमुन्याचा मसुदा, पर्यवेक्षकांसाठीच्या सूचना आणि केंद्रसंचालकांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले,
मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक